सातेरीचा ड्राफ्ट किती?

नमस्कार टीचर,

माझं नाव सातेरी. सत्तरीतल्या एका गावची, वय २६. दीड वर्षापासून वास्कोला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कामाला आहे. तिथला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. माझं इंग्रजी तसं बरं आहे, पण इंग्रजी वाक्यात माझं नाव आलं की काहीतरी बिघडतंच. ऑफिसात कुणी ‘द सातेरी’ लिहितं, कुणी ‘मिस्टर सातेरी’. ग्रुपवर तर पहिलं अक्षरसुद्धा लहान असतं. आमच्या वार्तापत्रात नव्या माणसांची ओळख छापली, त्यात बाकी सगळ्यांची नावं सरळ आणि माझं एकटीचं तिरक्या अक्षरांत, वर अवतरणचिन्हांत. मोबाइल माझ्या नावाचं ‘सटायर’ करतो. एचआरवाल्यांनी एकदा ‘सत्तरी’ करून टाकलं. त्यांना वाटलं, नावाच्या रकान्यात मी चुकून तालुका भरला.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. मी कागद घेऊन बंदरावर जाणार होते, म्हणून आमच्या सरांनी मुंबईच्या पार्टीला मेल टाकली : ‘सातेरी विल रीच मुरगाव ऑन मंडे मॉर्निंग.’ तिकडून उत्तर : ‘व्हॉट इज हर ड्राफ्ट?’ सरांना वाटलं, मी तयार केलेला कराराचा मसुदा मागताहेत. त्यांनी तो पाठवून दिला. तिकडून परत मेल : ‘ड्राफ्ट इन मीटर्स, प्लीज.’ त्यांना मी बार्ज वाटले होते! ऑफिस आठवडाभर हसत होतं. मीपण हसले. घरी येऊन रडले.

नाव आजीनं ठेवलंय, गावच्या देवीचं. मैत्रीण म्हणते, इंग्रजीपुरतं ‘सारा’ कर. करू का? आणि नाही केलं, तर असलं कुणी न ऐकलेलं नाव इंग्रजी वाक्यात लिहायचं तरी कसं? त्याला काही नियम आहेत का?

— सातेरी

प्रिय सातेरी,

खोटं कशाला बोलू, ‘ड्राफ्ट इन मीटर्स’पाशी मीही हसले. (बंदराशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी : बार्ज म्हणजे माल वाहणारं सपाट बुडाचं जहाज. आणि जहाजाचं बूड पाण्यात किती खोल जातं, त्या मापाला ड्राफ्ट म्हणतात. ते कळल्याशिवाय जहाज धक्क्याला कुठं लावायचं ते ठरत नाही.) मग तुझं ‘घरी येऊन रडले’ आलं आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

आधी त्या मुंबईच्या गृहस्थांची बाजू घेते, रागावू नकोस. दिवसरात्र जहाजांच्या धंद्यातला माणूस. त्याच्यासमोर एक नाव येतं, ते देवीचं असतं, आणि ते नाव सोमवारी सकाळी मुरगावला पोचणार असतं. मांडवी-जुवारीत देवादिकांची नावं घेऊन फिरणाऱ्या बार्ज काय कमी आहेत? त्यानं इंग्रजीच्या जुन्या रीतीप्रमाणे जहाजाला ‘शी’ केलं आणि ड्राफ्ट विचारला. त्याचं काही चुकलं नाही. तुझ्या नावाचंही नाही. चुकलं ते तुमच्या सरांचं वाक्य, आणि तेसुद्धा व्याकरणात नाही. व्याकरणाच्या पेपरात त्या वाक्याला मी पूर्ण मार्क दिले असते.

मग बिनसलं कुठं? हीच गोष्ट सर मराठीत कशी म्हणाले असते, ते बघ. ‘सोमवारी सातेरीला पाठवतो.’ आणि बार्ज पाठवायची असती तर? ‘सोमवारी सातेरी पाठवतो.’ एका ‘ला’नं माणूस एकीकडे आणि बार्ज दुसरीकडे. आपण माणसाला पाठवतो, पण ट्रक पाठवतो. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तोंडातच असतो. तुला ऑफिसात मान देऊन कुणी म्हणालं, ‘सातेरी मॅडम सोमवारी पोचतील,’ तर त्या ‘पोचतील’मधूनही कळतं, बार्जीला कुणी आदरार्थी अनेकवचन लावत नाही. ‘सातेरी आला’, ‘सातेरी आली’, ‘सातेरी आल्या’ : नाव तेच, आणि तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं डोळ्यांपुढं येतात. मराठीत कितीही अनोळखी नाव असू दे, त्याला लागलेला प्रत्यय आणि शेवटचं क्रियापद मिळून त्या नावाची अर्धी ओळख करून देतात.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथं ‘आय ॲम सेंडिंग सातेरी’ म्हटलं की माणूस पाठवताय, बार्ज पाठवताय की प्रसाद, काही कळत नाही. नाव जागचं हलत नाही, क्रियापद लिंग दाखवत नाही. ‘मेरी’ किंवा ‘जॉन’ला त्याची गरज पडत नाही, कारण वाचणाऱ्याला ती नावं आधीच ठाऊक असतात. सातेरी ठाऊक नसते. म्हणून विरळ नावाचा इंग्रजीत खास असा काही नियम नाही. जॉनला जे लागू तेच सातेरीला. फक्त जॉनबद्दल वाचणाऱ्याच्या डोक्यात जे आधीपासून असतं, ते सातेरीच्या बाबतीत वाक्यानं पहिल्या भेटीतच द्यावं लागतं. नाव नटवायचं नाही, त्याच्या शेजारी काय बसवायचं ते बघायचं.

तुमच्या सरांनी एवढंच लिहायला हवं होतं : ‘मिस सातेरी अमुक, अवर डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, विल रीच मुरगाव ऑन मंडे मॉर्निंग.’ दोन स्वल्पविरामांच्या मधे तुझं काम. असं नावाला खेटून बसलेलं स्पष्टीकरण इंग्रजीला फार मानवतं, आणि ते एकदाच द्यायचं असतं. दुसऱ्या वाक्यापासून ‘शी’ आणि ‘हर’ पुरे. त्यातही पहिलं ‘शी’ लवकर येऊ दे. नाहीतर वाचणारा आपल्या मनानं ‘ही’ धरतो आणि तिसऱ्या परिच्छेदात दचकतो.

‘ही’ धरण्याला कारणही आहे. बेळगाव-चंदगडकडं सातेरी नावाचे पुरुष आहेत, चांगले मिशा असलेले. देवीचं नाव मुलालाही ठेवायची रीत आहे तिकडं. तेव्हा ‘मिस्टर सातेरी’ लिहिणारा बेळगावकडचा असेल तर त्याला माफ कर. दुसरं असं की आपण मधे वडिलांचं नाव लिहितो. सातेरी, मग रमेश, मग आडनाव. दिल्लीच्या माणसाला सातेरी कळत नाही, रमेश मात्र लगेच कळतो, आणि तो तुला रमेश समजून ‘डिअर मिस्टर’ करून मोकळा होतो. सरकारी कागदावर मधलं नाव हवं तर असू दे. मेलखालच्या सहीतून काढून टाक. तिथं नावाआधी मिस लिहायला लाजू नकोस. इंग्रजांना ते आगाऊ वाटेल अशी माझीही एके काळी समजूत होती. नाही वाटत, उलट त्यांची सुटका होते.

इंग्रजी रीतीत हे मिस किंवा मिस्टर आडनावाला किंवा पूर्ण नावाला लागतं, नुसत्या पहिल्या नावाला नाही. पण आपल्याकडं ‘मिस्टर फ्रान्सिस’ इतकं रुळलंय की वास्कोच्या ऑफिसात उभं राहून मी त्याच्याशी भांडणार नाही. बोलण्यात चालू दे. लिहिताना पूर्ण नाव घाल. आणि ‘मायसेल्फ सातेरी’ नको गो बाये. ते ‘मी सातेरी’चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं इंग्रजी आहे. ‘आय ॲम सातेरी’ म्हण.

आता ‘द सातेरी’. हे कुठून आलं असावं ते मला माहीत आहे, कारण वर्गात मी ते वर्षानुवर्षं तपासलंय. गोव्यात सातेरी हा शब्द इंग्रजीत दिसतो तो देवळाच्या पाटीवर : ‘द सातेरी टेंपल’. त्यातला ‘द’ देवळाचा आहे, देवीचा नाही. टेंपल काढलंस तर ‘द’सुद्धा गेला पाहिजे. तो सासरच्या दागिन्यासारखा अंगावर राहून गेलाय. नद्यांना मात्र तो स्वतःच्या हक्कानं लागतो : द मांडवी, द जुवारी, द तेरेखोल. पण मयेच्या तळ्याला नाही. तिथं नुसतं ‘मये लेक’. का, असं विचारू नकोस. मी विचारलं होतं. माझ्या गुरुजींनी पट्टी दाखवली होती.

माणसाच्या नावाला ‘द’ लागतो तो मुख्यतः दोन प्रसंगी. एकाच नावाच्या दोघी असल्या तर : ‘द सातेरी इन अकाउंट्स, नॉट द सातेरी ॲट द जेटी’. किंवा अख्ख्या घराण्याला : ‘द देसाईज’. तुमच्या ऑफिसात दुसरी सातेरी नाही, तेव्हा ‘द’ला काम नाही.

‘द’पेक्षा मला ‘अ’ची भीती जास्त वाटते, आणि तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस म्हणून आधीच सांगून ठेवते. ‘अ सातेरी विल कॉल यू’ असं कुणी तुझ्याबद्दल लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘कोणी एक सातेरी तुम्हाला फोन करील’. म्हणजे लिहिणारा तुला ओळखत नाही, आणि फारशी ओळखायची इच्छाही नाही. निरोप्याबद्दल लिहावं तसं. फोनवर कुणी अनोळखी आला तर ‘अ मिस्टर सो अँड सो इज ऑन द लाइन’ म्हणतात, तिथं तो ‘अ’ अगदी बरोबर. स्वतःच्या माणसाबद्दल मात्र कधी नाही. एवढंसं अक्षर, पण वाचणाऱ्याला झोंबतं.

तिरक्या अक्षरांचं सांगते. इंग्रजी छपाईत परभाषेतला शब्द तिरका घालायची पद्धत आहे. ‘धालो’, ‘शिगमो’ असे शब्द इंग्रजी लेखात तिरके छापलेले तू पाहिले असशील. वार्तापत्राच्या संपादकानं तुझं नाव त्याच पंगतीत बसवलं. पण विशेषनामाला ही पद्धत लागू नाही. माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याचं नाव उभ्या अक्षरांतच छापायचं, हे छपाईच्या संकेतांचे जाडजूड ग्रंथही सांगतात. इंग्रजीत तिरकी नावं कुणाची असतात, माहीत आहे? पुस्तकांची, वर्तमानपत्रांची, आणि जहाजांची! म्हणजे तुला बार्ज करायला सुरुवात मुंबईनं नव्हे, तुमच्याच वार्तापत्रानं केली होती.

अवतरणचिन्हं तर त्याहून वाईट. नावाभोवती ती घातली की इंग्रजी वाचकाला वाटतं, हे टोपणनाव आहे, किंवा ‘म्हणे’ अशा सुरात लिहिलंय. तथाकथित सातेरी. (मी या पत्रात तुझं नाव जागोजागी अवतरणात घातलंय, कारण इथं मी नावाबद्दल बोलतेय. तुझ्याबद्दल बोलताना नाही घातलं. बघ तपासून.) संपादकांना दोन ओळींची मेल टाक, पुढच्या अंकात सुधारतील. त्यांना सांग की सगळ्यांची नावं जशी, तसं माझं. यात भांडणासारखं काही नाही.

ग्रुपवरच्या लहान ‘एस’बद्दल फारसं मनाला लावून घेऊ नकोस. तिथं लोक स्वतःची नावंही लहान अक्षरानं लिहितात, आळस आहे तो. मेलमध्ये मात्र पहिलं अक्षर मोठंच हवं. इंग्रजीत नावाचं मोठं अक्षर सुटतं ते नाव विशेषनामपणातून निवृत्त झाल्यावर. आयर्लंडात १८८० साली एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर, कॅप्टन बॉयकॉटवर, गावानं बहिष्कार टाकला. त्या बिचाऱ्याचं आडनाव इंग्रजीत आता लहान ‘बी’नं, चक्क क्रियापद म्हणून चालतं. मेस्मर नावाच्या डॉक्टरचंही तसंच झालं, त्याच्यावरून ‘मेस्मराइज’ आलं, म्हणजे भारून टाकणं. इथं गोवेकर म्हणून माझी एक तक्रार नोंदवून ठेवते. माणूस भारला जातो तो भारणाऱ्याच्या अंगातल्या कसल्या शक्तीनं नव्हे, त्याच्या स्वतःच्याच मनामुळं, हे पॅरिसमध्ये ठणकावून सांगितलं ते १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या आबे फारियानं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा उभा आहे, हात पुढं केलेला. खरं सांगितलं फारियानं आणि क्रियापद झालं मेस्मरचं. इंग्रजीत ‘फारियाइज’ असं काही नाही. असो, विषय तुझ्या नावाचा आहे.

तू वास्कोला नोकरी करतेस, तर आणखी एक गंमत सांगते. वास्को हे एका माणसाचं पहिलं नाव. १५२४ साली व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला तो वास्को द गामा. आज आपण ‘वास्कोला पाऊस आहे’, ‘वास्कोत ट्रॅफिक आहे’ म्हणतो आणि कुणालाही तिथं माणूस दिसत नाही. माणसाचं नाव गावाला लागून पचलं. तुझ्या बाबतीत देवीचं नाव माणसाला लागलंय. नावं अशी घरं बदलतच असतात, म्हणून तर वाक्यात सांगावं लागतं की हे नाव सध्या कुणाच्या घरी आहे.

अपॉस्ट्रॉफीचं थोडक्यात. तुझी फाइल म्हणजे सातेरीला अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’. दोन सातेरी असल्या तर नुसता ‘एस’, अपॉस्ट्रॉफी नाही. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लावणं हा रोग आहे, आणि इंग्लंडातल्या भाजीवाल्यांनाही तो आहे, तेव्हा आपणच काय ते गावठी असं समजू नकोस. पत्राखाली तू आडनाव घातलं होतंस, ते मी छापत नाही. पण सत्तरी-डिचोलीकडं ‘गावस’ पुष्कळ, म्हणून उदाहरणाला तेच घेते, कारण ते ‘स’नं संपतं आणि तिथं सगळे अडखळतात. ‘गावसांची फाइल’ इंग्रजीत लिहिताना गावसनंतर अपॉस्ट्रॉफी आणि आणखी एक ‘एस’ घालायचा, की नुसता अपॉस्ट्रॉफी? दोन्ही चालतं. अमेरिकेत पुस्तकं छापणारे बहुतेक पहिलं करतात, तिथली वर्तमानपत्रं दुसरं. मी पहिल्याची बाजू घेते, कारण तोंडानं आपण तो जादा ‘एस’ उच्चारतोच. ऑफिसानं एक काहीतरी ठरवावं आणि त्यालाच धरून राहावं. अख्खं गावस कुटुंब म्हणजे ‘द गावसेस’, शेवटी ‘ई’ आणि ‘एस’.

आता स्पेलिंग. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोव्यात हा विषय स्वयंपाकघरापासून कोर्टापर्यंत जातो.

माझ्या वडिलांच्या जन्मनोंदीत आमचं ‘देसाई’ दोन ‘एस’नं लिहिलंय. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ते एकाच ‘एस’नं आलं, कारण दाखला लिहिणाऱ्या मास्तरांचं शिक्षण पुण्याला झालं होतं. पुढं एका कचेरीत मला विचारलं, हे तुमचेच वडील कशावरून? एका ‘एस’साठी मी प्रतिज्ञापत्र केलं, दोन साक्षीदार नेले आणि तीन फेऱ्या मारल्या. त्या दोन ‘एस’मागं कारण आहे, ते मला फार उशिरा कळलं. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला एकटा ‘एस’ ‘झ’सारखा वाचतात. एकच लिहिला असता तर पोर्तुगीज कारकुनानं आम्हाला ‘देझाय’ केलं असतं. म्हणून दोन. तसंच ‘के’चं. पोर्तुगीज वर्णमालेत ‘के’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ ही अक्षरं अधिकृतपणे आली ती १९९० च्या लेखनकरारानं. त्याआधी ती फक्त परक्या शब्दांसाठी. म्हणून नाईकांच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ आला, कामत ‘सी’नं सुरू होऊ लागले आणि ‘श’साठी ‘एक्स’ आला. गावांच्या नावांमागचा ‘एम’ही तसलाच. पोर्तुगीजमध्ये तो फक्त नाकातला सूर दाखवतो. इंग्रजी वाचणाऱ्यानं तो ओठ मिटून पुरा म्हटला, आणि आमच्या पेडण्याचं पेर्नेम नि केप्याचं केपेम झालं. आता आमचीच मुलं बसमध्ये तसं म्हणतात.

तात्पर्य असं काढू नकोस की जुनं ते चूक. त्या कारकुनानं कानानं ऐकलं ते त्याच्या भाषेच्या नियमानं बिनचूक उतरवलं. पुढं वाचणारा बदलला, नियम बदलले, अक्षरं तीच राहिली.

त्या मानानं तुझ्या नावाचं नशीब चांगलं. एस, ए, टी, ई, आर, आय. पोर्तुगीज माणूस हे जवळजवळ बरोबर वाचील, कारण त्यांचा ‘टी’ आपल्या ‘त’सारखा दातांना लागतो. इंग्रज ‘सटेरी’ म्हणेल. त्याच्याकडं ‘त’ नाहीच, तो तरी काय करणार. ‘टी’पुढं ‘एच’ घालून ‘त’ मिळवायची दक्षिणेकडची युक्ती आपल्याकडं करू नकोस, इथले लोक त्याला ‘थ’ वाचतील. शेवटी ‘वाय’ही नको, इंग्रजी जिभेवर ते ‘बॅटरी’च्या चालीवर जाईल. आणि दोन ‘टी’ तर मुळीच नकोत. एचआरवाले तुला आधीच तालुक्यात पाठवून बसलेत. जन्मदाखल्यावर जे असेल ते धर, आणि आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, ऑफिस सगळीकडं अक्षर न् अक्षर तेच ठेव. कुठं वेगळं असेल तर आत्ता, २६व्या वर्षी, दुरुस्त करून घे. माझ्या वयाला आलीस की साक्षीदार मिळत नाहीत.

उच्चार सांगायचा असेल तर फोनवर एक सोपी चाल आहे. ‘सा ॲज इन सारी, देन टेरी.’ साडीतला ‘सा’ आता त्यांनाही माहीत आहे, आणि टेरी हे त्यांच्या घरातलंच नाव. ‘त’ तेवढा हुकेल, बाकी जमेल. मोबाइलच्या शब्दकोशात तुझं नाव एकदा भरून ठेव, ‘सटायर’ बंद होईल. शेजाऱ्यांच्या मोबाइलचं तू काही करू शकत नाहीस, पण एक विनंती करू शकतेस : मेल धाडण्याआधी नाव एकदा डोळ्यांखालून घाला.

राहिली ‘सारा’. कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला सांगायचं असेल तर खुशाल सारा हो, उमा हो, काहीही हो. पण कामात नको. एक तर मराठीत सारा म्हणजे शेतसारा. तुझ्या आजीच्या कानाला काय वाटेल, विचार कर. दुसरं, सारा झालीस म्हणून प्रश्न संपतात थोडेच? लगेच विचारतील, शेवटी ‘एच’ आहे की नाही? इंग्रजीतही ते नाव दोन तऱ्हांनी लिहितात. तिसरं, मेलवर सारा आणि गेटपासवर सातेरी असलं, तर बंदराच्या फाटकावर तुला कोण आत सोडणार? कागदोपत्री बदलायचं म्हटलंस तर त्यासाठी गोव्यात १९९० चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे. पण तो ज्याला खरोखर नाव नको झालंय त्याच्यासाठी. तुझ्या पत्रात नाव नको झाल्याचं मला कुठं दिसलं नाही. लोकांनी ते नीट लिहावं एवढंच दिसलं.

सातेरी म्हणजे काय, असं परगावचे विचारतील. विचारू दे, नाव विरळ असल्याचा तोच एक फायदा आहे. गोव्यात देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, आम्ही त्याला रोयण म्हणतो, ती सातेरी. ‘माय ग्रँडमदर नेम्ड मी आफ्टर अवर व्हिलेज गॉडेस.’ एवढं एक वाक्य पाठ ठेव. मोठी गोष्ट सांगत बसू नकोस, समोरच्याला वेळ असेल तर तो पुढचं स्वतः विचारील. मला वर्गातल्या किती मुलींची नावं विसरायला झालीत, काय सांगू. एकेका वर्षी चार-चार पूजा, पाच-पाच स्नेहा. तुझ्यासारखी एखादी असती तर ती अजून आठवली असती.

आणि त्या मुंबईच्या पार्टीला अजून उत्तर गेलं नसेल, तर ते सरांना लिहायला लावू नकोस. तूच लिही. तुझ्या नावानं, खाली सही, सहीत मिस, पूर्ण नाव, कामाचं पद. मजकूर एवढाच : ‘आय ॲम द सातेरी मेन्शन्ड इन अवर अर्लियर मेल. आय वॉज ब्रिंगिंग द पेपर्स. फॉर द ड्राफ्ट ऑफ द बार्ज, प्लीज सी बिलो.’ इथं ‘द सातेरी’ बरोबर आहे, कारण मागच्या मेलमधलीच ती, असं तुला सांगायचंय. त्याखाली, तू जिचे कागद नेत होतीस त्या खऱ्या बार्जचा ड्राफ्ट मीटरमध्ये लिही.

— तुझी टीचर